घ्रेलिन

घ्रेलिन हे मुख्यतः जठराच्या अस्तरातील पेशींत तयार होणारे, भूक वाढवणारे संप्रेरक आहे. पचनसंस्था व मेंदू यांच्यातील ज्या संवादातून शरीराचा ऊर्जासमतोल राखला जातो, त्यातील ते एक महत्त्वाचा दुवा होय.

शोध

१९९९ साली मासायासु कोजिमा, केंजी कांगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये उंदराच्या जठरातून ते वेगळे केले. ते वृद्धी संप्रेरकाच्या स्रावास चालना देते. त्याचे नाव ‘वाढणे’ या अर्थाच्या मूळ भारोपीय धातूवरून घेतले आहे. त्याची साखळी २८ अमिनो आम्लांची असते.

कार्य

जेवणापूर्वी रक्तातील घ्रेलिनचे प्रमाण वाढते आणि जेवणानंतर घटते. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातील भूक वाढवणाऱ्या चेतापेशी त्यामुळे उद्दीपित होतात. याउलट, अन्न आतड्यात पोहोचल्यावर स्रवणारी कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ व पीवायवाय ही संप्रेरके रक्त व व्हेगस चेता यांच्यामार्फत मेंदूला तृप्तीचा संदेश देतात. शरीरातील मेदसाठ्याची माहिती मेदपेशींतील लेप्टिन पुरवते.

महत्त्व

आहार कमी करून वजन घटवल्यास घ्रेलिनचे प्रमाण वाढते व भूक बळावते. त्यामुळे घटलेले वजन पुन्हा वाढणे हे केवळ मनोनिग्रहाच्या अभावाचे लक्षण मानता येत नाही. लठ्ठपणावरील ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढल्याने घ्रेलिन घटते. तथापि, भूक केवळ घ्रेलिनवर अवलंबून नसते. जनुकीय बदलाने घ्रेलिनरहित केलेले उंदीरही जवळपास नेहमीइतकेच खातात.