सीमेवरचा अधिकारी : मेडोज टेलर

रिसोड तालुक्यातील केनवडहून दक्षिणेस निघावे, तर रिसोड ओलांडल्यावर लवकरच वाशीम जिल्हा संपतो आणि हिंगोलीचा मुलूख लागतो. दोहोंकडे मराठी तीच, सोयरिकीही एकमेकांत. तरीही एके काळी येथे दोन राज्यांची सीमा होती, आणि ती आखताना रयतेला कोणी विचारले नव्हते.

२१ मे १८५३ च्या तहाने निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गचा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. नळदुर्गचा कारभार कॅप्टन फिलिप मेडोज टेलर यांच्याकडे आला. १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मलेले टेलर कोवळ्या वयात हिंदुस्थानात येऊन निजामाच्या फौजेत रुजू झाले होते. त्यांचा जिल्हा मराठी व कानडी यांच्या संगमावरचा. वर हैदराबादच्या दरबाराची फारसी. अशा ठिकाणी केवळ दुभाष्याच्या तोंडून न्याय करणारा अधिकारी दुभाष्याचाच कैदी होतो. टेलर लोकांशी त्यांच्या भाषेत बोलत. हीच त्यांची खरी शिबंदी.

तिची कसोटी १८५७ मध्ये लागली. उत्तर हिंदुस्थान पेटला असता त्यांना बुलढाण्यास धाडण्यात आले. सोबत द्यावयास पलटण नव्हती. तरीही वऱ्हाड शांत राहिला. याचे सारे श्रेय एकाच व्यक्तीस देणे आम्हांस उचित वाटत नाही. टेलर अखेर परसत्तेचेच सेवक होते, आणि शांततेचा खरा भार रयतेनेच वाहिला.

१८६० च्या तहाने नळदुर्ग निजामाकडे परत गेले. वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिला. टेलर यांनी मात्र आपल्या जुन्या जिल्ह्यातील तुळजापूर ‘तारा’ या १८६३ च्या कादंबरीत जपून ठेवले.

दूर युरोपातील श्लेस्विग प्रांतातही डॅनिश व जर्मन भाषिक असेच मिसळलेले होते. १८६४ च्या युद्धाने त्यांचा धनी बदलला. परंतु १९२० साली प्रांताच्या उत्तरेकडील लोकांना मतदानाने विचारले गेले. आपल्याकडे १९५६ साली विदर्भ व मराठवाडा एकाच राज्यात आले आणि राज्यांची ती सीमा केवळ जिल्ह्यांची उरली.

अधिकारी जातात, तह बदलतात. शेजाऱ्याची भाषा समजून घेणारा माणूस मात्र कोणत्याही सीमेवर परका ठरत नाही. आपल्या मुलांना इतिहास सांगताना आपण तहांच्या तारखांबरोबर एवढेही सांगावे.