स्वस्ताईच्या काळातली अमेरिकेतली बाई

जुन्या भावांवरचा भाग झाल्यापासून गटांमधून बरेच निरोप आले. कुणी सोन्याचा भाव विचारला, कुणी एसटीच्या तिकिटाचा. एका गटाने मात्र वेगळंच विचारलं. त्याच काळात अमेरिकेतल्या बायका घर कसं चालवत होत्या? प्रश्न आम्हाला आवडला. आम्ही सहयोगिनी मिळून वाचायला बसलो, त्यातलं काही आज सांगतो. काळ धरलाय १९५७ ते १९५९. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हाचा.

आधी भाव सांगून टाकू, कारण त्याशिवाय कुणाचं मन लागणार नाही. साडेचारशे ग्रॅमचा पाव १९ सेंटच्या आसपास. शंभर सेंट म्हणजे एक डॉलर. डझनभर अंडी ५५ ते ६० सेंट. दोन लिटरच्या जवळपास दूध अर्ध्या डॉलरला. पावणेचार लिटर पेट्रोल ३० सेंटला. टपालाचं तिकीट ३ सेंटचं होतं, ते १ ऑगस्ट १९५८ पासून ४ सेंटचं झालं. आणि एका डॉलरला तेव्हा आपले पावणेपाच रुपये पडायचे.

ऐकून वाटतं, किती स्वस्त! पण भाव नुसता ऐकायचा नसतो, तो मजुरीला लावून बघायचा असतो. हे तुम्हाला आम्ही काय सांगणार. सरकारने ठरवलेली कमीत कमी मजुरी १९५६ पासून ताशी एक डॉलर होती. म्हणजे पावासाठी अकरा-बारा मिनिटं काम, दुधासाठी अर्धा तास, अंड्यांसाठी अर्ध्या तासाच्या थोडं वर. टीव्ही घ्यायचा तर दोनशे डॉलरच्या घरात, म्हणजे आठवड्याला चाळीस तास धरले तर पाच आठवड्यांची सगळी मजुरी. मधल्या फळीतल्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न पाच हजार डॉलरच्या आसपास होतं. तेवढ्यात घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, फ्रिजचा हप्ता.

आता खरी गोम. ही एक डॉलरची मजुरी सगळ्यांना नव्हती. शेतमजूर त्या कायद्यात नव्हते आणि घरकाम करणाऱ्या बायाही नव्हत्या. शेतमजुरांना त्यात घ्यायला १९६६ साल उजाडलं, घरकामगारांना १९७४. मिसिसिपी या कापसाच्या राज्यात १९६५ साली मजुरांनी संप केला, तेव्हासुद्धा कापूस खुरपायला दिवसाला फार तर तीन डॉलर मिळत होते. दिवसाला बरं का, तासाला नव्हे. या कामांत बहुतेक काळे लोक होते, त्यातही बायका पुष्कळ. पुढे सरकारने गरिबीची रेषा आखून मागचा हिशेब केला, तर १९५९ साली १०० पैकी २२ अमेरिकन माणसं त्या रेषेखाली निघाली. जुन्या सिनेमात ती कुठेच दिसत नाहीत.

आणि कारखान्यात, ऑफिसात काम करणाऱ्या बाईचं काय? वर्षभर पूर्ण वेळ राबणाऱ्या पुरुषाला एक डॉलर मिळाला, तर तशाच बाईच्या हातात ६३-६४ सेंट पडत. समान मजुरीचा कायदा १९६३ चा.

घरात मात्र वस्तू भरत चालल्या होत्या. १९५० साली १०० पैकी ९ घरांत टीव्ही होता, दहा वर्षांत ८७ च्या आसपास घरांत आला. दुपारच्या मालिका बायकांसाठी असत आणि त्यांच्या मधे साबणाच्या जाहिराती. साबणवाल्या कंपन्यांच्या पैशावर चालायच्या म्हणून त्या मालिकांना आजही इंग्रजीत 'सोप' म्हणतात. पोरांचं वेड म्हणाल तर १९५८ साली हुला हूप आला, कमरेभोवती फिरवायचं प्लास्टिकचं कडं, किंमत दोन डॉलरला दोन सेंट कमी. कोट्यवधी खपली. मार्च १९५९ मध्ये बार्बी बाहुली आली, तीन डॉलरला.

एका कार्यक्रमाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. त्याचं नाव होतं 'क्वीन फॉर अ डे', एका दिवसाची राणी. आधी रेडिओवर आणि १९५६ पासून देशभरच्या टीव्हीवर. रोज काही बायका समोर यायच्या आणि आपापलं दुःख सांगायच्या. कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, कुणाच्या लेकराला चालता येत नाही. मग काय हवं ते मागायचं. कुणी कपडे धुण्याचं यंत्र मागे, कुणी आजारी माणसासाठी चाकाची खुर्ची. शेवटी बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवायच्या. टाळ्यांचा आवाज मोजणारा काटा असे. जिच्यासाठी काटा सगळ्यात पुढे जाईल ती राणी! तिला मखमली झगा, डोक्यावर मुकुट आणि बक्षिसं. बाकीच्या छोटी भेट घेऊन परत. हा कार्यक्रम अफाट लोकप्रिय होता आणि १९६४ पर्यंत चालला. आम्हाला वाचताना काही बरं वाटलं नाही. आपल्या बैठकीत कर्जाची मागणी येते तेव्हा आपणही निकड विचारतो, पण टाळ्या मोजून कर्ज देत नाही.

पैशाच्या गोष्टीकडे वळू, कारण आपल्या कामाचं ते आहे. तिथल्या बायका बचतीत हुशार होत्या. बँकांमध्ये 'ख्रिसमस क्लब' असे. दर आठवड्याला ठरलेली लहानशी रक्कम भरायची आणि नाताळच्या आधी एकदम उचलायची. आपल्या भिशीची आठवण होते, फक्त यात नंबर लावायचा नसतो. व्याज बहुतेक ठिकाणी नाहीच्या बरोबर. किराणा घेतला की दुकानदार हिरवी तिकिटं द्यायचा, दहा सेंटच्या मालाला एक. ती वहीत चिकटवायची, १२०० तिकिटांची वही भरली की तिच्यावर भांडीकुंडी, दिवे, चादरी मिळत. तिकिटांचा खर्च मालाच्या भावातच धरलेला असणार, हे तुमच्यातली कुठलीही दुकान चालवणारी ताई सांगेल.

पण कर्ज म्हटलं की दार बंद. लग्न झालेल्या बाईला बऱ्याच बँका नवऱ्याच्या सहीशिवाय कर्ज देत नसत, ती स्वतः कमावती असली तरी. हे बेकायदा ठरलं १९७४ साली. तिकडे बँका मात्र उधारी वाढवायला निघाल्या होत्या. सप्टेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात एका मोठ्या बँकेने ६०,००० लोकांना न मागता क्रेडिट कार्डं टपालाने पाठवून दिली. दुकानात कार्ड दाखवा, माल न्या, पैसे नंतर भरा. उरलेल्या रकमेवर व्याज शेकडा दीड महिन्याला, म्हणजे वर्षाला १८. बँकेला वाटलं होतं शंभरातली चार खाती थकतील, थकली बावीसच्या आसपास. गल्लीत येऊन घरोघर कर्ज वाटणाऱ्या कंपन्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना यात नवल वाटणार नाही.

याच काळात एका बाईने हजारो बायकांना घरबसल्या कमाई दिली. तिचं नाव ब्राउनी वाइज. घटस्फोट झालेला, पदरी एक मुलगा, ऑफिसात टायपिंगचं काम. जोडीला घरगुती वस्तू विकायची. टपरवेअरचे झाकणाचे प्लास्टिक डबे तेव्हा दुकानात पडून राहत, कारण ते झाकण कसं लावायचं हेच गिऱ्हाइकाला कळत नसे. वाइजबाईंनी ते डबे घरात नेले. एका बाईने शेजारणींना चहापाण्याला बोलवायचं, विक्रेतीने डबा भरून, झाकण दाबून, उलटा करून, फेकूनही दाखवायचा. सांडत नाही हे डोळ्यांनी दिसलं की मागणी आलीच. जिच्या घरी बैठक तिला भेटवस्तू, विक्रेतीला कमिशन. १९५१ मध्ये कंपनीचे मालक अर्ल टपर यांनी माल दुकानातून काढून घेतला आणि सगळी विक्री अशा बैठकांवर सोपवली, वाइजबाई उपाध्यक्ष झाल्या. १९५४ च्या मेळाव्यात त्यांनी जमिनीत बक्षिसं पुरून ठेवली आणि विक्रेत्या बायकांच्या हाती फावडी दिली. खणा आणि घ्या! त्याच वर्षी व्यापाराच्या एका नावाजलेल्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या, तिथे छापली गेलेली ती पहिली बाई.

आणि जानेवारी १९५८ मध्ये मालकाने त्यांना काढून टाकलं. कंपनीत त्यांच्या नावावर एकही शेअर नव्हता. राहतं घरसुद्धा कंपनीचं. कोर्टात गेल्यावर वर्षभराच्या पगाराएवढे, म्हणजे तीस हजार डॉलर हाती आले. त्याच वर्षी टपर यांनी कंपनी विकली, एक कोटी साठ लाख डॉलरला. आम्ही हे एका बैठकीत सांगितलं तेव्हा एक आजी लगेच म्हणाल्या, "म्हंजी राबली ही, अन् सातबारा त्याचा." याहून नेमकं आम्हाला सांगता आलं नसतं.

बातम्या तर त्या वर्षांत एकावर एक होत्या. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला आणि त्याचा 'बीप बीप' आवाज अमेरिकेत रेडिओवर ऐकू आला. सगळा देश हादरला. रशिया पुढे गेला म्हणून पुढच्याच वर्षी शाळा-कॉलेजात विज्ञान-गणितासाठी पैसा ओतणारा कायदा झाला. धान्य तर इतकं पिकत होतं की १९५६ पासून सरकार शेतकऱ्यांना काही जमीन पडीक ठेवायचे पैसे देत होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने अमेरिकेशी करार केला आणि तिथला गहू आपल्याकडे येऊ लागला.

जुलै १९५९ मध्ये मॉस्कोत अमेरिकेने आपल्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं. त्यात एक अख्खं स्वयंपाकघर होतं. तिथे उभं राहून उपाध्यक्ष निक्सन आणि रशियाचे प्रमुख ख्रुश्चेव्ह यांच्यात वाद रंगला. निक्सन यांचं म्हणणं, असं १४ हजार डॉलरचं घर आमचा ताशी तीन डॉलर मिळवणारा पोलाद कामगारही घेऊ शकतो, आणि या यंत्रांनी आमच्या बायकांचे कष्ट हलके होतात. गंमत बघा, त्याच वेळी पाच लाख पोलाद कामगार संपावर होते. तो संप ११६ दिवस चालला. आणि दोन मोठे पुरुष स्वयंपाकघरावर भांडले, पण त्यातल्या बाईला कुणी विचारलं नाही.

शेवटची हकीकत अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहराची. काळ्या माणसांना तिथे बसमध्ये मागे बसावं लागे आणि गोरा आला की उठावं लागे. डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांनी उठायला नकार दिला, अटक झाली, आणि जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रातोरात हजारो पत्रकं छापून बसवर बहिष्कार घालायचं आवाहन केलं. ३८१ दिवस लोक बसमध्ये चढले नाहीत. घरकाम करणाऱ्या बाया मैलोन्‌मैल चालल्या. ज्यांना चालणं जमेना त्यांच्यासाठी गाड्या ठेवल्या. पण गाड्यांना पेट्रोल लागतं, आणि पेट्रोलला पैसा.

तिथे जॉर्जिया गिलमोर पुढे आल्या. स्वयंपाकीण, सुईणपण करायच्या, सहा लेकरांची आई. त्यांनी काही बायका जमवल्या. कुणी कोंबडी तळायची, कुणी केक करायचा, कुणी गोड पाय भाजायचा, आणि सलून, दुकानं, सभा, जिथे माणूस असेल तिथे विकायचं. पैसा थेट आंदोलनाला. या मंडळाचं नाव ठेवलं 'कुठलाच नाही असा क्लब'. कारण गोऱ्या मालकिणीने विचारलं पैसा कुठून येतो, तर खरं उत्तर देता यावं: कुठूनच नाही. कामावरून काढायची भीती होती ना. शहराच्या दुसऱ्या भागात आयनेझ रिक्स यांनी दुसरा क्लब काढला आणि दोघींत चुरस लागली. दर सोमवारी सभेत गिलमोर आठवड्याची जमा जाहीर करायच्या आणि सभा टाळ्यांनी दणाणायची.

१९५६ मध्ये त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खटल्यात साक्ष दिली आणि त्यांची खाणावळीतली नोकरी गेली. किंग म्हणाले, घरीच का नाही सुरू करत? त्यासाठी पैशाची मदतही केली. मग गिलमोर यांच्या घरातच पंगती बसू लागल्या. काळे, गोरे, वकील, कामगार, सगळे एका टेबलावर, आणि असं एकत्र जेवणं त्या शहरात साधी गोष्ट नव्हती. किंग पुढे १९५९ मध्ये पत्नी कोरेटा यांच्यासह भारतात आले, मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले.

बस मोकळी झाली, पण बागा नाही. १९५७ मध्ये गिलमोर यांच्या मुलाला शहरातल्या गोऱ्यांच्या बागेतून गेला म्हणून पोलिसांनी मारलं. त्या कोर्टात गेल्या. नगरपालिकेने काय करावं? काळ्यांना आत घ्यायला नको म्हणून १ जानेवारी १९५९ पासून शहरातल्या सगळ्याच बागा बंद करून टाकल्या, गोऱ्या लेकरांसकट. सप्टेंबरमध्ये कोर्टाने निकाल गिलमोर यांच्या बाजूने दिला, तरी फाटकं उघडली ती १९६५ साली.

गिलमोर पुढे तीस वर्षं रांधत राहिल्या. मार्च १९९० मध्ये मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चाचा पंचविसावा वाढदिवस होता. मोर्च्याला येणाऱ्यांसाठी त्यांनी स्वयंपाक करून ठेवला होता आणि त्याच दिवशी त्या गेल्या. भेटायला आलेली माणसं तेच अन्न जेवून गेली.