वारा, पाणी आणि सातबारा

फेंगशुई हा शब्द आता आपल्या वस्त्यांत नवा राहिलेला नाही. गिफ्टच्या दुकानात ढेरपोट्या हसरा पुतळा मिळतो, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक मिळतो, वाऱ्यावर किणकिणणाऱ्या नळ्या मिळतात. नव्या घराच्या कार्यक्रमाला आपलेच लोक आपल्याच लोकांना हे देतात. दार दक्षिणेला आहे म्हणून ठरत आलेला फ्लॅट सोडून देतात. भटजीला दारातून परत पाठवला, तर हा दुसरा खिडकीतून आत आला.

पण मित्रांनो, अंधश्रद्धा म्हणून शिक्का मारला की आपला विचार तिथंच संपतो. फेंगशुई ज्या देशात जन्मली त्या देशात तिनं कोणाला जागा दिली नि कोणाला बाहेर ठेवलं, हे बघितलं पाहिजे. बघायला गेलं की तो इतिहास आपल्या ओळखीचा निघतो.

चिनी भाषेत फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. चांगली जागा कुठली? पाठीशी डोंगर, दोन्ही अंगांना टेकड्या, समोर मोकळं मैदान नि वाहतं पाणी, आणि घराचं तोंड दक्षिणेला. यात गूढ काही नाही. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरा वारा येतो, तो डोंगर अडवतो. दक्षिणेचं ऊन घरात येतं. पाणी शेताला लागतं. दक्षिण चीनमधल्या जुन्या गावांच्या पाठीमागं राखलेली झाडी असते. ती फेंगशुईची झाडी, म्हणून तिला कोणी कुऱ्हाड लावत नाही. ती झाडी उताराची माती धरून ठेवते, पावसाळ्यात दरड कोसळू देत नाही. हे शेतात राबणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बघून गोळा केलेलं शहाणपण आहे. त्याच्याशी आपलं भांडण नाही. भोवतालच्या जमिनीचा, पाण्याचा माणसाच्या जगण्यावर परिणाम होतो हे ओढ्याच्या काठावर झोपडं असणाऱ्याला कोणी शिकवायला नको.

भांडण पुढं सुरू होतं. अशी जागा एका खोऱ्यात एखाद-दुसरीच असणार. मग ती कोणाला मिळाली? शास्त्र हा प्रश्न विचारतच नाही. ते एवढंच सांगतं की चांगल्या जागी राहणाऱ्याची भरभराट होते. ज्यानं डोंगर, पाणी, सुपीक जमीन बळकावली त्याची भरभराट होणारच. मग त्याच्याकडं बोट दाखवून म्हणायचं, बघा, जागेचा गुण! आणि जो चिखलात राहतो त्याला सांगायचं, तुझी जागाच वाईट, त्याला आम्ही काय करणार?

हे ढोंग चीनमधल्या माणसालाच फार आधी कळलं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात वांग छुंग नावाचा विचारवंत होऊन गेला. घरची गरिबी. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून बाजारातल्या दुकानात उभं राहून वाचायचा. त्या काळी आडनावाच्या उच्चारावरून घराच्या दाराची दिशा ठरवणारे लोक होते. चुकीच्या दिशेला दार केलं की घर बुडालं म्हणायचे. वांग छुंगनं त्यांना धारेवर धरलं. सगळा गुण दारालाच कसा, राहत्या खोलीला का नाही? घराचं दार मोजता, मग सरकारी कचेरीचं दार का मोजत नाही? पश्चिमेकडं घर वाढवू नये हा तेव्हाचा मोठा दंडक. त्यावर तो म्हणाला की पश्चिमेची बाजू वडीलधाऱ्यांची मानली जाते, म्हणून हा रीतीभातीचा प्रश्न आहे, शुभाशुभाचा नाही. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आपल्या चळवळीतला वाटतो.

पण राज्य वांग छुंगचं आलं नाही. फेंगशुई घराहूनही जास्त थडग्यात जाऊन बसली. क्वो फू (२७६ ते ३२४) याच्या नावावर दफनविधीचा एक जुना ग्रंथ सांगतात. त्यातली कल्पना अशी, की जमिनीतली जीवनशक्ती पूर्वजाच्या हाडांना लागते नि तिथून ती वंशजांना पोचते. वाऱ्यानं ती शक्ती पांगते, पाण्याशी ती थांबते. म्हणून बापाला कुठं पुरलं यावर मुलाचं नशीब. दक्षिण चीनमध्ये काही वर्षांनी थडगं उकरून हाडं धुवायची, ती मडक्यात रचून ठेवायची आणि जाणकाराकडून चांगली जागा मिळाली की तिथं पक्कं थडगं बांधायचं, अशी रीत होती. जाणकाराला पैसे द्यावे लागतात, जागेला पैसे लागतात. श्रीमंताचा बाप डोंगराच्या कुशीत गेला. गरिबाच्या बापाचं मडकं उतारावरच राहिलं नि तिथंच फुटलं. मेल्यावरही वर्ग सुटला नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. क्वांगतुंग प्रांतात पर्ल नदीच्या मुखाशी गाळाची मोठी जमीन तयार होत गेली. मिंग नि चिंग राजवटींच्या काळात मोठमोठ्या भावकींनी ती बांध घालून ताब्यात घेतली. गावात राहण्याचा हक्क म्हणजे तिथं तीन गोष्टी: गावच्या जागेवर घर बांधणं, डोंगरावरचं गवत-सरपण आणणं, आणि मेलेल्याला डोंगरावर पुरणं. हा हक्क कोणाला? ज्याचा पूर्वज आधी येऊन वसला त्याला. पुरावा काय? भावकीचं पूर्वजमंदिर, वंशावळीची वही आणि डोंगरावरचं थडगं. वंशावळ्या कितीदा तरी मागाहून रचलेल्या होत्या. जमिनीच्या तंट्यात लोक फेंगशुईचं कारण घेऊन कोर्टात जायचे, थडग्यांचे नकाशे दाखल करायचे आणि चिंग काळातले न्यायाधीश ते ऐकून घ्यायचे. म्हणजे फेंगशुई हा तिथला सातबाराच होता. फक्त त्यावर वारा नि पाणी अशी काव्यमय नावं लिहिलेली होती.

आणि ज्याचं थडगंच नाही त्याचं काय? तिथं होड्यांवर राहणारा एक समाज होता. किनाऱ्यावरचे लोक त्यांना डान किंवा टंका म्हणत, हिणवूनच म्हणत. आज ते लोक स्वतःला 'पाण्यावरचे लोक' म्हणवतात. मासे धरणं, मोती काढणं, माल वाहणं, गाळाच्या शेतात राबणं ही त्यांची कामं. जमीन भावकीची, घाम यांचा. पण किनाऱ्यावर विटांचं घर बांधायची मुभा नाही. राहायचं तर होडीत, नाहीतर बांधावरच्या गवताच्या छपरात. किनाऱ्यावरचे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. सरकारी परीक्षा त्यांना बंद, म्हणजे अधिकारी व्हायची वाटच बंद. त्यांच्या पायाला सहा बोटं असतात असल्या कंड्या पिकवल्या जायच्या. फूचौ शहराकडं तर त्यांना 'वाकड्या पायाचे' म्हणूनच हाक मारत. अरे, पिढ्यान्‌पिढ्या माणसाला होडीच्या अरुंद फळीवर मांडी घालून बसवलं तर पाय सरळ राहतील का? आधी जागा नाकारायची, जागेच्या अभावानं शरीर वाकलं की तेच त्याचं नाव करायचं!

१७२३ पासून युंगचेंग सम्राटानं अशा हीन ठरवलेल्या समाजांना मोकळं करणारे हुकूम काढले. १७२९ साली डान लोकांसाठी हुकूम निघाला. हे मूळचे चांगले प्रजाजन आहेत, मासळीवरचा कर भरतात, ज्यांची ऐपत असेल त्यांनी किनाऱ्यावर घर बांधावं, गावाच्या नोंदीत नाव लावावं, गावच्या धनदांडग्यांनी त्यांना त्रास देऊ नये, असा त्याचा आशय. कागद उत्तम. पण किनारा भावकीच्या ताब्यात, डोंगर भावकीच्या थडग्यांनी भरलेला. हुकमानं जमीन हलत नाही. पुढं १७७१ साली नियम आला की अशा मुक्त केलेल्यांच्या चार पिढ्या स्वच्छ धंद्यात गेल्यावरच परीक्षेला बसता येईल. चार पिढ्या! डान लोकांचा हा बहिष्कार विसाव्या शतकापर्यंत चालत राहिला. मोठ्या संख्येनं ते किनाऱ्यावर घरात आले ते १९४९ नंतरच.

इथं एक फरक नीट ध्यानात ठेवा. डान म्हणजे तिथले अस्पृश्य, असं सरळ समीकरण मांडू नका. त्यांचा विटाळ सांगणारं धर्मशास्त्र तिथं नव्हतं. सम्राट एका हुकमानं त्यांना बरोबरीचे म्हणू शकला. आपल्याकडं बहिष्काराला देवाची सही होती. पण शास्त्राचा आधार नसतानाही केवळ जागेच्या मक्तेदारीवर बहिष्कार शेकडो वर्षं टिकतो, हा धडा त्यातून घ्यायचा.

सत्ताधाऱ्यांची तरी या शास्त्रानं राखण केली का? पेकिंगचा राजवाडा १४२० साली पुरा झाला. उत्तरेला पाठीशी डोंगर नव्हता, म्हणून खंदकाची माती टाकून डोंगर उभा केला. चिंगशान त्याचं नाव. पुढं दुष्काळ, कर नि उपासमार यांतून शेतकऱ्यांचं बंड पेटलं. त्याचा एक पुढारी ली त्सछेंग. हा सरकारी टपालाच्या ठाण्यावरचा साधा नोकर, कपातीत काम गेलेला. सैन्यानं तो आवरेना, तेव्हा १६४२ साली सरकारनं त्याच्या गावी जाऊन त्याच्या पूर्वजांची थडगी उकरली. फेंगशुई मोडली की बंड मोडेल हा हिशेब. दोन वर्षांनी, १६४४ साली, ली त्सछेंग पेकिंगात शिरला आणि शेवटच्या मिंग सम्राटानं त्याच राखणदार डोंगरावर गळफास घेतला. लीचं राज्यही टिकलं नाही, थोड्याच दिवसांत मांचूंनी त्याला हाकललं. पण उपाशी माणसाला थडगं उकरून थांबवता येत नाही, एवढं तर सिद्ध झालं.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. हाँगकाँगचा 'न्यू टेरिटरीज' मुलूख १८९८ साली इंग्रजांनी ९९ वर्षांच्या पट्ट्यानं घेतला. रस्ता किंवा धरण करताना गावाची फेंगशुई बिघडते म्हणून गावकऱ्यांना शांतविधीसाठी पैसे दिले जाऊ लागले. १९७२ साली तिथं धोरण आलं की १८९८ साली तिथल्या मान्य गावात राहणाऱ्याच्या पुरुष वंशजाला आयुष्यात एकदा छोटं घर बांधायचा हक्क. मुलीला नाही. आणि ज्याचे आजे-पणजे होडीत जगले त्याच्या नावावर १८९८ चं गाव आणायचं कुठून? २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे धोरण कायम ठेवलं.

आता आपल्याकडं या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराची आखणी दिली आहे. ब्राह्मण उत्तरेला, क्षत्रिय पूर्वेला, वैश्य दक्षिणेला, शूद्र पश्चिमेला आणि चांडाळ स्मशानाच्या कडेला. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला गावाबाहेर ठेवलं आहे. चीनमध्ये हक्क थडग्यावरून ठरला, इथं जन्मावरूनच ठरला नि दिशा वर्णांना वाटून दिल्या. म्हणून बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात जागेचाच प्रश्न उभा केला: हे लोक गावाबाहेर का राहतात? म्हणून १९२७ साली महाडला पाण्यावर सत्याग्रह झाला. म्हणून १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. वारा, पाणी, जमीन हे आपल्या चळवळीचे पहिल्यापासूनचे विषय आहेत. फक्त आपण ते नशीब म्हणून हाताळले नाहीत, हक्क म्हणून हाताळले.

आणि आपण तर बौद्ध झालो. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात भिक्खूनं ज्या हीन विद्यांवर पोट भरू नये त्यांची यादी आहे, तिच्यात वत्थुविज्जा आहे. वत्थुविज्जा म्हणजे हीच वास्तुविद्या. त्याच निकायात सिगाल नावाचा तरुण ओलेत्यानं सहा दिशांना हात जोडताना बुद्धाला भेटतो. बुद्धानं त्याला सांगितलं की पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकामुलं, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण आणि खालची दिशा म्हणजे राबणारा कामगार. कामगाराला झेपेल तेवढं काम द्यावं, पोटाला नि मजुरी द्यावी, आजारात बघावं, वेळेवर सुटी द्यावी, हे त्या दिशेचं पूजन. दिशा होकायंत्रातून काढून माणसांच्या नात्यात आणली. आणि तो दुकानातला हसरा ढेरपोट्या? तो गौतम बुद्ध नाहीच. तो बुदाई, दहाव्या शतकाच्या सुमाराचा झोळीवाला चिनी भिक्खू, ज्याला लोकांनी मैत्रेय मानलं. त्याचं पोट चोळून पैसा येतो असं बुद्धानं कुठंही सांगितलेलं नाही.

आणखी एक गंमत. फेंगशुईत दक्षिणेचं दार सर्वांत शुभ. आपल्याकडच्या वास्तुवाल्यांना दक्षिण म्हणजे यमाची दिशा. तरी एकच दुकानदार दोन्ही विकतो नि एकच गिऱ्हाईक दोन्ही घेतं. सूर्य बिचारा दोन्ही देशांत एकच आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, हे काम करा. आपापल्या गावाचा, वस्तीचा नकाशा कागदावर काढा. उतार कुठून कुठं आहे, गटार कोणाच्या दारातून वाहतं, नळाचं पाणी शेवटी कोणाला मिळतं, स्मशान, कचरा डेपो नि दारूची भट्टी कोणाच्या वाऱ्यावर आहे, गायरान कोणाच्या नावावर लागलं, हे सगळं त्यावर मांडा. प्रत्येक खुणेपुढं लिहा: हे कोणी ठरवलं, कुठल्या साली, कुठल्या कागदावर. तो कागद तलाठ्याकडून, नगरपालिकेकडून मागून घ्या. मग तो नकाशा वस्तीच्या बैठकीत भिंतीवर लावा नि लोकांना विचारा, यातलं नशिबानं किती झालं?

जय भीम.