पडद्यावरचा केशरी कागदावर का मळतो? पत्रिका, स्मरणिका आणि फलकांसाठी रंगपद्धतीची निवड

मंडळाची निमंत्रणपत्रिका हल्ली दोनदा निघते: एक व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, दुसरी छापून घरोघरी. चित्र बहुतेक वेळा एकच असते आणि घोटाळा तिथेच होतो. मोबाइलवर झळाळणारा केशरी कागदावर मळकट उतरतो. स्मरणिकेतली बारीक अक्षरे वडीलधाऱ्यांना भिंग घेऊनही लागत नाहीत. दर वेळी दोष छापखान्याचा नसतो. काम सुरू करताना संगणकावर कोणता कलर मोड, म्हणजे रंगपद्धती, निवडली यावर बरेच काही ठरते.

उजेडाचे तीन रंग

मोबाइल, संगणक, टीव्ही यांचा पडदा स्वतः उजेड देतो. त्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाच्या मिश्रणातून तयार होतो. या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पद्धतीला आरजीबी म्हणतात. तिन्ही पूर्ण उजळले की पांढरा, तिन्ही विझले की काळा. प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. त्यांतून सुमारे १ कोटी ६७ लाख छटा मांडता येतात.

शाईचे चार रंग

कागद स्वतः उजेड देत नाही. त्यावर पडणाऱ्या उजेडातला काही भाग शाई शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. छपाईत सायन म्हणजे आकाशी निळी, मॅजेंटा म्हणजे जांभळट गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया वापरतात. ही सीएमवायके पद्धत. प्रत्येक शाईचे प्रमाण ० ते १०० टक्क्यांत मोजतात. पहिल्या तिन्ही मिसळूनही खरा काळा होत नाही, तपकिरीसारखा होतो. म्हणून काळी शाई वेगळी लागते.

छापणे म्हणजे चित्र शाईने नव्याने घडवणे, हे आपल्याकडे जुनेच आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांसाठी चित्रे काढणाऱ्या राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तैलचित्राची रंगीत प्रत काढायची, तर एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. आजच्या ऑफसेट छपाईत ते काम चार प्लेटा करतात.

कोणते रंग बदलतात

उजेडातून दिसणारे सगळेच रंग शाईला साधत नाहीत. भडक केशरी, पोपटी, राणी आणि चमकदार निळा हे सर्वांत आधी फिके पडतात.

भगवा मुख्यतः मॅजेंटा आणि पिवळ्यातून करावा, उदाहरणार्थ मॅजेंटा ६० आणि पिवळा १०० टक्के. त्यात सायन किंवा काळी थोडी जरी मिसळली, तरी तो मळतो. निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवावा, नाहीतर निळा जांभळा होतो. सोनेरी रंग या चार शायांतून होत नाही, मोहरीसारखी छटा येते. त्यासाठी वेगळी सोनेरी शाई किंवा फॉइल लागते.

मजकुराचा काळा

स्मरणिकेत सर्वांत जास्त जपायचा रंग हाच. आरजीबीतला काळा छपाईसाठी बदलला की तो बहुधा चारही शायांत वाटला जातो. एका प्रचलित प्रोफाइलमध्ये हे प्रमाण सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के होते. मग प्रत्येक बारीक अक्षर चार प्लेटांनी एकाच जागी छापावे लागते. एखादी प्लेट केसभर सरकली, तरी अक्षराला रंगीत किनार येते. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे लगेच भरून जातात. श्रद्धांजलीच्या पानावरचे नाव असे पुसट उतरले, तर ते घरच्यांना लागते आणि छापलेली प्रत मागे घेता येत नाही.

म्हणून मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा: काळा १००, बाकी तिन्ही शून्य. वर्डमधून काढलेली पीडीएफ देताना हे छापखान्याला आवर्जून सांगावे. मुखपृष्ठावरच्या मोठ्या काळ्या पट्ट्याला मात्र सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० आणि काळा १०० असा भरदार काळा शोभतो. गडद रंगावर बारीक पांढरी अक्षरे टाळावीत.

कुठे काय निवडावे

• व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, संकेतस्थळ, प्रोजेक्टर: आरजीबी, प्रोफाइल एसआरजीबी. सीएमवायकेतले चित्र काही मोबाइलवर विचित्र रंगांत दिसते.
• ऑफसेटवरची स्मरणिका, दिवाळी अंक, पत्रिका: सीएमवायके.
• फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंट: छपाई शायांनी किंवा टोनरनेच होते, पण फाइल कोणत्या पद्धतीत हवी हे दुकानदाराला आधी विचारावे.
• स्क्रीन प्रिंटिंगची लग्नपत्रिका: दोन-तीन ठरावीक रंग, प्रत्येकाची शाई वेगळी.
• घरचा प्रिंटर: आरजीबी चालते, बदल तो स्वतः करतो.

एकच चित्र दोन्हीकडे जाणार असेल, तर छपाईचा विचार आधी करावा. छापता येणारे बहुतेक रंग पडद्यावर दाखवता येतात. उलट तसे नाही. छपाईची प्रत आधी पक्की करून तिच्यावरून मोबाइलसाठी आरजीबी प्रत काढावी. एकदा सीएमवायकेत उतरलेले रंग परत आरजीबीत नेल्याने हरवलेली झळाळी परतत नाही.

छायाचित्रांचे मूळ आरजीबीतच जपून ठेवावे आणि छपाईसाठी वेगळी प्रत बदलावी. कोरलड्रॉ आणि इलस्ट्रेटरमध्ये नवी फाइल उघडतानाच रंगपद्धती निवडता येते. कॅनव्हात सीएमवायकेची पीडीएफ सशुल्क योजनेत मिळते. स्क्रायबस मोफत आहे आणि त्यात सीएमवायकेची सोय आहे.

छापण्यापूर्वी

पडद्यावर पाहून छपाईचा रंग मंजूर करू नये. ज्या कागदावर काम होणार, शक्यतो त्याच कागदावर नमुना मागावा. गुळगुळीत आर्ट पेपरवर उजळ दिसणारा रंग साध्या कागदावर दबतो. नमुना दिवसाच्या उजेडात पाहावा, पिवळ्या दिव्याखाली नको. आणि मंजुरीची सही करण्यापूर्वी त्यातला सर्वांत बारीक मजकूर घरातल्या एखाद्या ज्येष्ठांना वाचायला द्यावा. त्यांना तो सहज लागला, तर छपाई सुरू करायला हरकत नाही.