स्तारोस्ताच्या घरात

बेलारूस, 1942. श्वास मिशांवरच गोठावा असा हिवाळा. तुम्ही एका लाकडी घरात भट्टीला पाठ टेकवून बसला आहात आणि समोर दिव्याच्या उजेडात एक म्हातारा बायबल वाचतोय. हा गावचा स्तारोस्ता, म्हणजे जर्मनांनी नेमलेला गावप्रमुख. वसुली याच्या हातून होते, फर्मानं याच्या तोंडून ऐकावी लागतात. गाव त्याच्याशी जपून बोलतं. तुम्हीही.

दार ढकलून दोन पार्टिझन, म्हणजे जंगलात राहून जर्मनांशी लढणारे गनिमी, आत येतात. रायबाक धट्टाकट्टा, सोतनिकोव तापाने फणफणलेला, खोकून खोकून बेजार. जंगलात त्यांची माणसं उपाशी आहेत. हा स्तारोस्ता आहे हे कळताच रायबाकच्या बोलण्याला धार येते: शत्रूचा चाकर! म्हातारा वाद घालत नाही. ते त्याची मेंढी घेऊन निघून जातात.

तुम्ही गप्प राहता, कारण रात्र जंगलाची आहे आणि दिवस जर्मनांचा. पार्टिझनना भाकरी दिली तर घर जळेल, नाही दिली तर उद्या त्यांना तोंड कसं दाखवणार? मार्च 1943 मध्ये इथल्याच खातिन गावात 149 माणसं कोंडून जाळली जातील. त्यांतली निम्मी मुलं. जाळणाऱ्या तुकड्यांमध्ये जर्मनांच्या बाजूला गेलेली सोव्हिएत माणसंही असतील. परकं कोण आणि आपलं कोण, हे इथे गणवेशावरून ओळखता येत नाही.

आता तसेच बर्फातून चालत 1974 च्या जानेवारीत या. रशियातलं मुरोम शहर, उणे 40 अंश. इथे दिग्दर्शिका लारिसा शेपित्को वासिल बिकोवच्या ‘सोतनिकोव’ या कादंबरिकेवर ‘द असेंट’ हा चित्रपट चित्रित करते आहे. स्तारोस्ताच्या घरातला तो प्रसंग त्यातलाच. वय 36, मणक्याचं दुखणं. नट जी थंडी सोसतील तीच ती सोसते. दिवस संपला की तिच्या अंगात त्राण उरत नाही. रायबाक झालेला व्लादिमिर गोस्त्युखिन मग तिला उचलून नेतो.

चित्रपटातला तळघराचा प्रसंग नीट पाहा. आता पकडले गेलेले ते दोघे पार्टिझन, त्यांना आसरा दिल्यामुळे लेकरांपासून तोडलेली देमचिखा, बास्या नावाची ज्यू पोर, आणि तोच स्तारोस्ता. चौकशी करणारा पोर्तनोव जर्मन नाही, इथलाच आहे. या चित्रपटावर बोलणारे बहुतेक जण सोतनिकोवमध्ये येशू पाहतात आणि रायबाकमध्ये यहुदा. ते खरंच आहे. पण मला सगळ्यात खोल भिडतो तो सेर्गेई याकोवलेवने उभा केलेला हा म्हातारा. शत्रूने दिलेलं पद त्याच्याकडे होतं, आपल्यांचा तिरस्कारही त्याने सोसला, आणि तरी सकाळी तो सोतनिकोव, देमचिखा आणि बास्याबरोबर फासाकडे चालत जातो. त्याला चाकर म्हणणारा रायबाक मात्र जीव वाचवायला जर्मनांच्या पोलिसांत सामील झालेला असतो. शेपित्को सोतनिकोवच्या चेहऱ्यावर उजेड टाकते खरी, पण म्हाताऱ्याला अंधारात सोडत नाही.

शेवटी एका खास खेळाला बसा. सेन्सॉर अडवेल या धास्तीने शेपित्कोचा नवरा, दिग्दर्शक एलेम क्लिमोव, याने बेलारूसच्या कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख प्योत्र माशेरोव याला बोलावलं आहे. माशेरोव स्वतः पार्टिझन होता. पार्टिझनना मदत केली म्हणून जर्मनांनी त्याच्या आईला ठार मारलं होतं. हा माणूस अंधारात रडतो.

चित्रपट काटछाट न होता मंजूर होतो आणि 1977 मध्ये बर्लिनला गोल्डन बेअर जिंकतो. गळ्यात फास पडेपर्यंत जर्मनांचा गावप्रमुख असलेला म्हातारा त्यात तसाच राहतो.