देवयानीचा पाहुणा आणि पार्ल्याचे माळे

मंडळी, जुन्या मालिकेतले नट बऱ्याच वर्षांनी एकत्र आणायचे, त्यांच्याकडून आठवणी काढून घ्यायच्या आणि मधून मधून जुनी दृश्यं दाखवायची, असे माहितीपट परदेशात नेहमी निघतात. बीबीसीने २००३ मध्ये 'द स्टोरी ऑफ डॉक्टर हू' दाखवला. १९६३ मध्ये सुरू झालेल्या या विज्ञानमालिकेला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. टॉम बेकर, पीटर डेव्हिसन भरभरून बोलले. पण डॉक्टरची भूमिका करणारे पहिले तिघे तोवर या जगात नव्हते. शिवाय जुने कितीतरी भाग बीबीसीनेच पुसून टाकले होते. टेप महाग, म्हणून पुसा आणि पुन्हा वापरा! आजही नव्वदच्या वर भागांचं चित्र नाही. आवाज मात्र सगळ्यांचा आहे, कारण काही चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो तेव्हाच उतरवून ठेवला होता. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला या गोष्टीचा आनंद जरा जास्तच होतो.

आता आपल्याकडे येऊ. दूरदर्शनवर १९८९ मध्ये आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष' लागायची. मुलं संगणक जुळवतात, देवयानी दीर्घिकेतून पाहुणा येतो, मग काळातून प्रवास. मी तेव्हा पार्ल्यात शाळेत होतो. संगणक आमच्यापैकी कुणीच जवळून पाहिलेला नव्हता. आमच्या वाडीतले बँकेत नोकरी करणारे दोन काका मात्र त्याचं नाव काढलं की गप्प व्हायचे. युनियनचा त्याला विरोध होता. बँकांच्या संगणकीकरणावरचा रंगराजन समितीचा दुसरा अहवालही १९८९ चाच. म्हणजे मोठ्यांना ज्याची धास्ती, त्याच यंत्राशी पडद्यावरची मुलं खेळत होती. मला वाटतं, ही मालिका आमच्या पिढीला चिकटली ती यामुळे. तिच्यातले चमत्कार आज हसू येईल इतके साधे होते.

आणि माणसं कोण, पाहा! गिरीश कार्नाड, उर्मिला मातोंडकर, आशुतोष गोवारीकर आणि गोलमटोल शाळकरी करण जोहर. पुढे गोवारीकरांनी २००४ मध्ये 'स्वदेस' काढला, त्याचा नायक 'नासा'त काम करणारा. त्या धाग्याचं टोक 'इंद्रधनुष'मध्ये आहे का, हे त्यांनाच समोर बसवून विचारायला हवं. कार्नाडांना विचारायची वेळ गेली. ते जून २०१९ मध्ये गेले. नाटककार म्हणून त्यांच्या मुलाखती ढिगाने आहेत, पण मुलांच्या विज्ञानमालिकेबद्दल त्यांना कोण विचारणार? आपल्याकडे 'मुलांचं' म्हटलं की ते दुय्यम. विज्ञानकथेचंही तेच. डॉ. जयंत नारळीकरांनीसुद्धा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून! अर्थात त्यांचं कारण वेगळं होतं. नावाकडे पाहून बक्षीस मिळायला नको, एवढंच.

बरं, माणसं जमवली तरी दाखवायला चित्रफीत हवी. १९८४ मध्ये 'हम लोग' आली आणि प्रायोजित मालिकांचे दिवस सुरू झाले. बाहेरच्या निर्मात्याने मालिका करायची, प्रायोजकाने पैसे घालायचे, दूरदर्शनने दाखवायची. त्यामुळे अनेक मालिकांच्या मूळ फिती निर्मात्यांकडे राहिल्या. कुणाचं ऑफिस बंद झालं, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं. सिनेमासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. विखुरलेल्या मालिकांना तसं माहेर नाही.

म्हणून मला आशा वाटते ती माळ्यांची. त्या काळी पार्ल्यात दर दोन-चार घरांमागे एक व्हीसीआर होता, आणि हौशी मंडळी मालिका टेप करून ठेवत. आता पूर्वेला एकेक जुनी इमारत पुनर्विकासाला जाते आहे. भाड्याच्या घरात हलताना माळा रिकामा होतो, वर्तमानपत्रांबरोबर काळ्या कॅसेटीही भंगारवाल्याच्या गोणीत जातात. बाहेर 'लग्न, शशी-मंदा' असं लिहिलेलं असतं, पण पुढचा अर्धा तास कोरा राहिला म्हणून त्यावर कुणी काय उतरवलं असेल, सांगता येत नाही.

तेव्हा टाकण्याआधी एकदा लावून बघा. बुरशी आली असेल तर मात्र नका लावू, टेप तुटेल. जाणकाराकडून आधी साफ करून घ्या. चालू व्हीसीआर शोधणं हीच खरी पंचाईत. जपानच्या फुनाई कंपनीने ते बनवणं २०१६ मध्ये थांबवलं. माझ्या शेजारच्या जोशीकाकूंकडे एक आहे. त्या तो कुणाला घराबाहेर नेऊ देत नाहीत, पण कॅसेट घेऊन येणाऱ्याला चहा देतात.