बंजारा कवडीकाम व मणीकाम

गोर बंजारा (लमाण, लंबाडी, लभाण) स्त्रिया कवड्या, काचमणी, आरसे, नाणी आणि लोकरी गोंडे लावून हाताने करतात ते भरतकाम. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश व तमिळनाडू येथील तांड्यांत ते आढळते. वऱ्हाडातील वाशीम जिल्ह्यात रिठद-रिसोडपासून पूर्वेकडे मानोऱ्यापर्यंत गावांच्या शेजारी बंजारा तांडे आहेत. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान असल्याने या कलेच्या धार्मिक अंगाचा विचार वऱ्हाडापासून सुरू करणे योग्य ठरते. विक्रेत्यांच्या आणि संग्रहालयांच्या याद्यांत हे काम ‘सजावट’ या सदरात पडते. ती मांडणी अपुरी आहे. तांड्यातील व्यवहारात कवडी कोणाच्या अंगावर, कोणत्या जागी आणि आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आली, यावर तिचे महत्त्व ठरते.

साहित्य व तंत्र : आधाराचे कापड जाड सुती असते, रंग बहुधा लाल किंवा गर्द निळा. त्यावर चौकोन, शंकरपाळी, त्रिकोण, सरळ व नागमोडी रेघा यांची भूमितीय मांडणी होते. माणसांच्या वा प्राण्यांच्या आकृती विरळ. टाक्यांना गोरबोलीत (बंजारा भाषेत) स्वतंत्र नावे आहेत : किलन, वेले, बखिया, माकी, सूर्यकांती माकी, कांस, तेरा दोरा, कवडी, रेलो, गादरी, भुरिया, पोते, जोल्या, नाकरा. ही नावे मुख्यतः कर्नाटकातील संडूर भागाच्या नोंदींतून आलेली असून तांड्यागणिक त्यांत फरक पडतो. कवडीची पाठ घासून सपाट करतात, म्हणजे ती कापडाला चिकटून बसते आणि दोरा दोन्ही बाजूंनी घालता येतो. कडेला ओळीने, कोपऱ्यात फुलासारख्या झुबक्याने आणि गोंड्याच्या माथ्यावर एकेकटी, अशा तीन प्रकारे ती लावली जाते. बारीक काचमण्यांना पोत म्हणतात. आरशाभोवती आधी दोऱ्याची चौकट विणून तिच्यात काच अडकवतात. जुन्या कामात ब्रिटिश काळातील चांदीची व निकेलची नाणीही टाकलेली दिसतात.

पोशाख व दागिने : फेटिया (घेराचा लेहंगा), कांचळी (पाठीवर बंदांनी बांधायची चोळी) आणि टुकरी किंवा छाटिया (ओढणी) हे मुख्य कपडे. कांचळीच्या छातीवर आरशांची दाट पट्टी असते. तिचा अर्थ बहुतेक लेखक दृष्ट परतवणे असा लावतात. तांड्यांतही हे स्पष्टीकरण ऐकू येते, पण त्यात सगळे आले असे नाही. विवाहित स्त्री केसांच्या बटांत घुगरी व टोपली हे दागिने अडकवते आणि दंडात चुडे भरते. चुडे पूर्वी हस्तिदंती असत, नंतर हाडाचे व शिंगाचे आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, तेव्हापासून प्लास्टिकचे. वैधव्यात सौभाग्याच्या या खुणा उतरवण्याची रीत होती. ती सर्वत्र सारखी नव्हती आणि आता सैल झाली आहे. भुरिया (नथ) व हांसली (गळ्यातील कडे) हेही स्त्रियांचे दागिने.

गणो : धार्मिक अर्थाच्या दृष्टीने या परंपरेतील सर्वांत महत्त्वाची वस्तू. डोक्यावर हंडा तोलण्यासाठी जी चुंबळ घेतात, तिला कवड्यांनी मढवून इंढोणी करतात. तिच्याखालून मानेवर व पाठीवर लोंबणारा भरलेला चौकोनी तुकडा, कडेला कवड्यांच्या ओळी आणि लोकरी गोंडे, हा गणो. लग्नात आणि सणांत तो घालून, डोक्यावर कलश घेऊन स्त्रिया चालतात. रोजच्या पाण्याच्या कामाची साधी चुंबळ येथे पूजेची वस्तू होते. कलश देवीचा, त्याखालची इंढोणी तिचे आसन, असा भाव त्यामागे असल्याचे सांगितले जाते. कवडीची रचनाही यात बोलकी आहे. तिची फट स्त्रीच्या जननशक्तीची खूण मानण्याची समजूत आशिया-आफ्रिकेत दूरवर आढळते, आणि भारतात ती लक्ष्मीशीही जोडलेली आहे. मुलगी सासरी जाताना असे काम बरोबर नेते. ते वर्षानुवर्षे आई, मावशी, काकी यांच्या हातून तयार होत आलेले असते. त्यामुळे गणो पाहून जाणती बाई तो कोणत्या तांड्याकडचा हे ओळखते. भारतातील आणि परदेशांतील संग्रहांत आज अनेक गणो आहेत. बहुतेकांच्या पाटीवर फक्त प्रदेश व अंदाजे काळ एवढेच लिहिलेले असते. बाईचे नाव नाही, लग्न कोणाचे ते नाही, तांडाही नाही. वस्तू जपली गेली आणि तिला अर्थ देणारा संबंध तुटला, हे या क्षेत्रातील सर्वांत मोठे नुकसान आहे.

लग्नातील निरोपाच्या वेळी वधू सजवलेल्या बैलावर उभी राहून हात उंचावत तांड्याचा निरोप घेते, ही प्रथा अनेकांनी नोंदली आहे. त्या वेळच्या विलापगीतांना ढावलो व हवेली म्हणतात. कवड्या-मण्यांचे काम त्या प्रसंगी दोघांच्या अंगावर असते, वधूच्या आणि बैलाच्या.

बैलाचा साज : या विषयावरील एक जुनी तपशीलवार नोंद वऱ्हाडातूनच मिळते, म्हणून तिला येथे अधिक जागा दिली आहे. वऱ्हाड पोलीस दलातील एन. एफ. कंबरलेज यांनी बंजाऱ्यांवर लिहिलेला वृत्तांत १८६९ च्या सुमाराचा समजला जातो. तो १८८२ मध्ये पुन्हा छापला गेला. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात बंजाऱ्यांवरचे प्रकरण मुख्यतः त्यावर आधारले. वाशीम तेव्हाही वऱ्हाडात होते. या लेखनात ‘हटाडिया’ नावाच्या बैलाचे वर्णन आहे. बालाजीच्या सेवेला वाहिलेल्या या बैलावर ओझे लादत नसत. लाल रेशमी पट्ट्या, घुंगरे, गळ्यात व पायांत पितळी साखळ्या आणि कडी, सर्व बाजूंनी लोंबणाऱ्या कवड्यांच्या माळा व रेशमी गोंडे यांनी तो सजवलेला असे. तांड्याच्या अग्रभागी तो चाले आणि थकून जेथे बसे, तेथे त्या दिवसाचा मुक्काम पडे. संकटात त्याच्या पायाशी नवस बोलत. माणूस वा जनावर आजारी पडले तर त्याचीच पूजा करत.

हा उतारा मोलाचा आहे, कारण यात कवडीचे काम थेट पूजेच्या वस्तूवर दिसते. वाट दाखवणे आणि मुक्काम ठरवणे, हे भटक्या समाजाच्या जीवनातले सर्वांत मोठे निर्णय त्या सजवलेल्या बैलावर सोपवलेले होते. बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या कथांत येणारा गराशा सांड याच श्रद्धेशी जोडावा असे काही अभ्यासकांना वाटते. कंबरलेज यांचे लेखन वापरताना एक सावधगिरी हवी. ते पोलीस अधिकारी होते, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या आगेमागे लिहिल्या गेलेल्या अशा वृत्तांतांत चेटूक, चोरी व जातपंचायत यांना भरपूर पाने मिळाली. स्त्रियांच्या शिवणकामाला काही ओळींपलीकडे जागा मिळाली नाही. बैलाचा साज कोणी भरला, हे त्यांत येतच नाही. तो तांड्यातील बायकांनीच भरलेला असावा.

कवडीचा उगम : ही कवडी प्रामुख्याने मालदीव बेटांवरून येई. बंगाल-ओडिशात ती दीर्घकाळ चलन होती, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती चलनातून गेली. धान्य व मीठ वाहणारे बंजारे देशभर फिरत. १६३० च्या सुमारास मुघल वजीर आसफखानाच्या सैन्याबरोबर दख्खनेत आलेल्या भंगी-जंगी या राठोड नायकांकडे १,८०,००० आणि भगवानदास वडतिया याच्याकडे ५२,००० बैल होते, अशी परंपरा कंबरलेज यांनी नोंदवली आहे. व्यापारातले नाणे अंगावर आले आणि पुढे देवाचे झाले, हा क्रम पटण्याजोगा आहे. मात्र महाराष्ट्रात कवडीला देवीचे स्थान बंजाऱ्यांपुरते नाही. तुळजाभवानीचे आराधी व गोंधळी कवड्यांची माळ घालतात, आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या प्रतिमेतही ती माळ लोकमानसात पक्की आहे. माहूरच्या रेणुकेच्या उपासकांतही ती दिसते. बंजाऱ्यांच्या सातभवानीत तुळजा येते. तेव्हा ही खूण तांड्याने बरोबर आणली की येथल्या देवीकडून घेतली, याचा एकतर्फी निकाल देऊ नये. दोन्ही प्रवाह वऱ्हाड-मराठवाड्याच्या सीमेवर एकमेकांत मिसळलेले आहेत.

देवस्थाने व रंग : पोहरादेवी येथे जगदंबेचे मंदिर व संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. समाज त्यांना सेवाभाया म्हणतो. त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ आणि निधन १८०६ असे परंपरा मानते. जन्मस्थळाबाबत आंध्र प्रदेश व कर्नाटक येथील परंपरा भिन्न आहेत. रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते. तांड्यात सेवालालांचा झेंडा पांढरा आणि याडीचा (देवीचा) लाल. कवडीचा पांढरा व कापडाचा लाल यांच्याशी या दोन झेंड्यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. सध्या तो एक सूचक साम्य म्हणूनच घ्यावा.

तुलना : अमेरिकेतील चेरोकी लोकांचे मणीकाम या संदर्भात पाहण्यासारखे आहे. व्हेनिस व बोहेमियातून व्यापारात आलेले काचमणी त्यांनी स्वीकारले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खांद्यावरून तिरप्या घालायच्या पट्ट्याच्या पिशव्या भरल्या. १८३० च्या स्थलांतर कायद्यानंतर १८३८-३९ मध्ये त्यांना बळाने पश्चिमेकडे हाकलण्यात आले आणि हे काम जवळजवळ थांबले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ओक्लाहोमातील मार्था बेरी यांनी संग्रहालयांतील जुन्या पिशव्यांचा अभ्यास करून ते पुन्हा उभे केले. चेरोकींच्या रंगांचे अर्थ बऱ्याच नेमकेपणाने सांगता येतात : पूर्वेचा लाल यशाचा, उत्तरेचा निळा संकटाचा, पश्चिमेचा काळा मृत्यूचा, दक्षिणेचा पांढरा शांतीचा. याचे कारण कागदपत्रांत आहे. सिक्वोया यांनी १८२१ मध्ये पूर्ण केलेल्या लिपीत चेरोकी वैदूंनी आपले मंत्र स्वतः लिहून ठेवले होते आणि जेम्स मूनी यांनी ते १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. गोरबोली मौखिक राहिली. तिचे ज्ञान गीतांत, सणांत आणि बायकांच्या हातांत राहिले, व लिहिणारे बाहेरचे होते. म्हणून बंजारा कामाला अर्थांचा तक्ता जोडणाऱ्या लोकप्रिय लेखांकडे सावधपणे पाहावे. त्रिकोण म्हणजे अमुक, चौकोन म्हणजे तमुक, अशी यादी बहुधा विक्रीच्या पत्रकातून आलेली असते.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : रेल्वे आल्यावर बैलांवरची वाहतूक संपली, तांडे स्थिरावले, शेतमजुरी व ऊसतोडणी वाढली. दिवसभर मजुरी करणाऱ्या बाईला कांचळी भरायला वेळ उरला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुने कपडे फेरीवाल्यांना विकले गेले, कापले गेले आणि उशांच्या अभ्र्यांवर व पर्यटकांच्या पिशव्यांवर ठिगळ म्हणून लागले. लग्नाचा गणोही त्यातून सुटला नाही. वऱ्हाडात आता पूर्ण पोशाख मुख्यत्वे वयस्क स्त्रियांच्या अंगावर, आणि तरुणींच्या अंगावर तीज, होळी, लग्न व पोहरादेवीची यात्रा अशा प्रसंगी दिसतो. यंत्रावर भरलेले तयार पोशाखही बाजारात मिळतात. त्यांवर कवडीच्या जागी प्लास्टिकची कवडी असते.

संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०२३ मध्ये हंपी येथील जी-२० बैठकीच्या निमित्ताने ४५० हून अधिक स्त्रियांनी भरलेल्या १,७५५ वस्तूंचे प्रदर्शन जागतिक विक्रम म्हणून नोंदले गेले. तमिळनाडूतील सिट्टिलिंगी खोऱ्यात पोरगई ही लंबाडी स्त्रियांची संस्था हे काम करते. शार्लट क्वॉन व टिम मॅक्लॉफ्लिन यांचा २०१६ मधील ग्रंथ हा बंजारा वस्त्रांवरील महत्त्वाचा सचित्र आधार आहे. महाराष्ट्रात पोहरादेवी येथे नंगाऱ्याच्या (नगारा वाद्याच्या) आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी खुले झाले. तेथे जमा होणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर ती भरणाऱ्या बाईचे नाव, तांडा आणि प्रसंग नोंदवला जावा. जुने टाके घालणाऱ्या आज्या अजून हयात आहेत, तोवरच ही नोंद शक्य आहे.

पुरुषांच्या वस्तू : पुरुषांसाठी बटवे व कमरपट्टेही याच कामाने भरले जातात.